बाप्पा असे म्हणून गप्प राहिला

माझ्या घरात 'बाप्पा' म्हणायला मनाई आहे. वऱ्हाडात राहून अशी मनाई करणं हा मूर्खपणा आहे, हे मला कळतं. इथे दूध उतू गेलं की बाई 'बाप्पा!' म्हणते. पाय घसरला की माणूस तेच म्हणतो, वांग्यांचा भाव ऐकून म्हणतो, लग्नाची बातमी ऐकून म्हणतो आणि मयताची ऐकूनही म्हणतो. त्याला अर्थ असा काही नसतो, तोंडातून निघणारी ती नुसती वाफ असते. पण माझ्या बायकोच्या, विमलच्या, तोंडून तो शब्द निसटला की माझा घास हातातच राहतो. ती जीभ चावते, मी पाणी पितो आणि मग दोघंही काही झालंच नाही असं दाखवतो. गणपतीच्या दहा दिवसांत तर मी दारं-खिडक्या लावून बसतो. शेजारी म्हणतात, रविकांतरावांचं डोकं फिरलं. फिरलं असतं तर बरं झालं असतं.

आज १९६८ साली मी हे लिहायला बसलो आहे. गोष्ट १९५९ची आहे.

तेव्हा आपला भाग मुंबई राज्यात होता आणि साहेब लोक पुण्या-साताऱ्याकडून यायचे. त्या वर्षीच्या एप्रिलपासून अफू खाणं कायद्यानं बंद झालं. जुन्या खाणाऱ्यांना डॉक्टरनं लिहून दिलं तर परवान्यावर थोडीशी मिळायची. बाकी सगळी अफू चोरटी, आणि ती माळव्या-निमाडाकडून खाली वऱ्हाडात उतरायची. ती अडवायला अकोल्यात एक खास पथक उभं केलं होतं. साहेब, दोन जमादार, चार शिपाई आणि जबान्या लिहायला मी. कापूस बाजारामागच्या एका भाड्याच्या घरात आमचं ऑफिस होतं. पुढच्या खोलीत टेबलं, मधल्या खोलीत पकडलेला मुद्देमाल आणि मागच्या खोलीला गज बसवून केलेली कोठडी.

साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचून तुम्ही सगळं त्यांच्या माथी माराल. मला ते सोयीचं आहे, पण खरं नाही. तिशी नुकतीच ओलांडलेली, जाड चष्मा आणि कामाचा दांडगा हुरूप. फक्त आमची बोली त्यांच्या कानाला टोचायची. मी लिहिलेल्या पहिल्याच जबानीवर त्यांनी लाल पेन्सिल फिरवली.

"आरोपी असं बोलला?"

"तो वऱ्हाडीत बोलला, साहेब. मी शुद्ध करून लिहिलं."

"तुम्हाला शुद्ध करायला कोणी सांगितलं? आरोपीच्या तोंडून निघेल ते अक्षरन् अक्षर लिहायचं. आपली अक्कल त्यात घालायची नाही."

हे ते शिपायांसमोर म्हणाले. मी मॅट्रिक, अक्षर मोत्यासारखं, बारा वर्षं जबान्या लिहिण्यात गेलेली. मला ते फार झोंबलं. मी मनात म्हटलं, अक्षरन् अक्षर पाहिजे ना, मग घ्या अक्षरन् अक्षर. पुढचं सगळं माझ्या या झोंबण्यातून निघालं.

आठवडाभरात अब्दुल सत्तार सापडला. गरीब गाडीवान, बैलगाडीतून सरकीची पोती आणत होता आणि एका पोत्यात दोन शेर अफू निघाली. त्याला साहेबांपुढे उभं केलं.

"हा माल कोणाचा?"

"बाप्पा!" सत्तार म्हणाला. त्याचे ओठ थरथरायला लागले आणि पुढे शब्दच फुटेना. हिंदू असो, मुसलमान असो, वऱ्हाडातला माणूस घाबरला की हेच म्हणणार.

मी टाक बुडवला आणि लिहिलं, 'माल कोणाचा असे विचारता, बाप्पा असे म्हणून गप्प राहिला.' लिहिताना मला हसू आवरत नव्हतं.

मग मालधक्क्यावरचा बंडू हमाल सापडला. त्याला विचारलं, डबा कोणी दिला. त्यानं कान पकडले आणि "बाप्पा, बाप्पा!" म्हणत खाली बसला. मी तेही तसंच उतरवलं.

तिसरी कौशल्या, तेल्हाऱ्याची. निंदणाला, शेतातलं तण काढायला, जाणाऱ्या बायकांना ती वाटाण्याएवढ्या गोळ्या विकायची. तान्हं लेकरू बांधावर निजलं नाही तर आईची दिवसाची मजुरी जाते, म्हणून त्याच्या जिभेला गोळी लावतात. माझ्याही घरी फडताळात तशी एक डबी होती, आमच्या मुलीला दात येताना विमलनं आणलेली. ती कुठून आली हे मी विचारलं नव्हतं.

"तुला माल कोण देतो? आणि तू कोणाला देतेस? नावं सांग," साहेब म्हणाले.

कौशल्या म्हणाली, "बाप्पा! मी कोणाकोणाचं नाव घेऊ, साहेब? सारं तेल्हारा घेते. जमादाराची सून घेते. आणणारेही आमचे अन् पकडणारेही आमचेच. तुमी कोणाकोणाले बांधसान?"

तिची घाईची वऱ्हाडी साहेबांना नीट उमगली नाही, ते माझ्या कागदावरच विसंबून होते, आणि तिथे मात्र मी अक्षरन् अक्षर लिहिलं नाही. दोन जबान्यांत 'बाप्पा' जमून आला होता, तिसरीतही यावा अशी मला मजा वाटली. मी लिहिलं, 'माल कोण देतो असे विचारता, बाप्पा असे म्हणून पुढे नाव घेण्यास नकार दिला.' त्या बाईनं सरकारला खरं काय ते सगळं सांगून टाकलं होतं आणि तेवढंच मी गाळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पाहा, रविकांत. तीन ठिकाणं, तीन माणसं, एकमेकांना ओळखतही नाहीत. आणि तिघांच्या तोंडी एकच नाव! गणपतीचं नाव घेतलंय बेट्यानं, कोणाला संशयही येऊ नये म्हणून. हा बाप्पा सापडला की सगळी टोळी कोसळेल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'साहेब, ते नाव नाही, आमचं तोंड वाजतं तसं,' एवढंच. पण लाल पेन्सिल अजून माझ्या डोळ्यांपुढे होती. होऊ दे फजिती, असं मला वाटलं. साहेबांनी अमरावतीच्या वरच्या ऑफिसला अहवाल पाठवला, 'बाप्पा या टोपणनावाचा म्होरक्या.' अमरावतीहून शाबासकी आली, वर आणखी दोन शिपाई आले. तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर दिवसभर नाका बसला आणि सरकीची गाडी न् गाडी उकलली जाऊ लागली.

रविवारी दुपारी मी पत्ते खेळायला खुशालरावांच्या बैठकीत जात असे. खुशालराव म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालक. शाळेला पंखे त्यांनी दिलेले, भजनमंडळाच्या सतरंज्याही त्यांच्याच. त्यांचा अफूशी संबंध आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं येणारी सरकी त्यांचीच असते, हे तर सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं.

त्या रविवारी मी पानं पिसता पिसता साहेबांच्या बाप्पाची गोष्ट रंगवून सांगितली. बैठक हसून लोळली. खुशालरावांनी तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग त्यांनी पानं खाली ठेवली.

"म्हणजे रविकांतभाऊ, साहेबाले बाप्पा गवसला तं नाका उठंन म्हणता?"

"उठंनच ना! वर पेढे वाटतीन साहेब," मी म्हणालो आणि हुकमाचं पान टाकलं. तो डाव मी जिंकलो होतो, हे मला अजून आठवतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात निनावी चिठ्ठी आली. साहेबांना मोडीतली ओळ लागेना, म्हणून मीच ती वाचून दाखवली. 'बाप्पा जुन्या शहरात राहतो. मोर्णा नदीच्या काठी, मूर्त्यांच्या छपरात.'

जुन्या शहरात मूर्त्यांचं छप्पर एकच होतं. नारायण मूर्तिवाला. माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या घरचा गणपती त्याच्याकडून येत होता. जन्मभर ओल्या मातीत बसून त्याचे गुडघे गेले होते, त्यासाठी तो अफूची बारीक गोळी घ्यायचा आणि त्याचा त्याला रीतसर परवाना होता. सगळा मोहल्ला त्याला लाडानं बाप्पा म्हणायचा. लहानपणी मीही म्हणायचो.

आम्ही गेलो तेव्हा तो पुढच्या नवरात्राच्या देवींसाठी कोपरापर्यंत मातीत बुडालेला होता. चाळीसएक गणपती फळ्यांवर ओळीनं बसले होते. रंग झाले होते, डोळे तेवढे राहिले होते. डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा, चतुर्थीच्या आधी दोन दिवस, एका बैठकीत. शिपायांनी छप्पर उलथंपालथं केलं. कोपऱ्यात कापसाचं एक गाठोडं होतं. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात कापूस कालवतात, आणि खुशालरावांच्या जिनातून तो टाकाऊ कापूस म्हाताऱ्याला दर वर्षी फुकट येत असे. गाठोड्याच्या पोटातून अफूचा शेरभर गोळा निघाला.

"ते जिनातून आलं, जी! परवा गाडीवान टाकून गेला," त्याची बायको गोदाबाई ओरडली. "आमी तं अजून सोडलंई नाई ते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "नाव काय तुमचं?"

"नारायण."

"लोक काय म्हणतात तुम्हाला?"

म्हातारा चक्क हसला. त्याला वाटलं, साहेब कौतुकानं विचारतोय. "बाप्पा म्हणतात मले. सारं अकोलं बाप्पाच म्हणते. हा रविकांत उभा आहे ना, त्याले इचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा," ते म्हणाले. मी लिहिलं.

नाका त्याच संध्याकाळी उठला. अमरावतीला तार गेली, गावच्या पेपरात बातमी आली. म्हाताऱ्याला आमच्या कोठडीत ठेवलं. त्या दिवशी तो घाबरला नव्हता, त्याला फक्त डोळ्यांची काळजी होती. गजाआडून मला म्हणाला, "रविकांत, हे काय लफडं आहे ते तू पाह्य बाप्पा. मले परवा सोडलं तरी जमते. एका दिवसात चाळीस काढतो मी."

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळपासून त्याला जांभया सुरू झाल्या. मग नाक-डोळे वाहू लागले, जुलाब लागले, हातपाय आखडले. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात तुटली की काय होतं, ते मी पहिल्यांदा पाहत होतो.

"मायी गोळी दे बाबू," तो म्हणाला. "मटराएवढी. मायी परवान्याची आहे."

त्याचा परवाना जप्त झाला होता. साहेबांनी डॉक्टरला चिठ्ठी पाठवली. डॉक्टरनं उलट लिहिलं, परवाना दाखवा, मग अफू द्यायला परवानगी देतो. परवाना मुद्देमालात लाखेच्या सीलखाली होता आणि सील मोडायला कोर्टाचा हुकूम लागत होता. कोर्टाला आज पोळ्याची सुट्टी, उद्या तान्ह्या पोळ्याची. यात कोणी दुष्टपणा केला असं मला दाखवता येणार नाही. जो तो आपल्या खुर्चीपुरता बरोबर होता.

दुपारी मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. किल्ली माझ्याच कमरेला असायची. साडेसात शेर अफू तिथे फडक्यांत बांधून ठेवलेली होती आणि भिंतीपलीकडे म्हातारा तिच्यातल्या मटराएवढ्या गोळीसाठी कण्हत होता. मी एका गाठोड्यावर हात ठेवला. लाख नखानं निघाली असती. मग मला नोकरी आठवली, पेन्शन आठवली, आणि मी खोलीला कुलूप लावून बाहेर आलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

बाहेर रस्त्यानं बैल चालले होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, पुढे डफडं. साहेब खिडकीतून पाहत होते. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. बाप्पा हे कोणाचं नाव नाही, तिघं फक्त घाबरले होते, मी ते खोडीनं लिहिलं, कौशल्येचं बोलणं गाळलं, आणि हे मी खुशालरावांच्या बैठकीत बोललो.

साहेबांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मला वाटलं, आता मारतील.

"हे लेखी द्या," ते म्हणाले. "आत्ता द्या. मी अमरावतीला तार करतो, न्यायाधीशांच्या घरी जातो, सुट्टी असो नसो. माझी लाज जाईल ती जाईल. पण नुसत्या तोंडच्या शब्दावर मला त्याला सोडता येणार नाही. मला विचारतील, कशावरून?"

"देतो साहेब."

"रविकांत, तुमची नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल. हे तुम्हाला सांगायला हवं."

"हो साहेब. उद्या सकाळी देतो."

घरी जाऊन मी पुरणपोळी खाल्ली. मग कागद घेतला आणि लिहिलं. पाच ओळी झाल्या. विमलनं वाचून पाहिलं आणि ती काही न बोलता मुलीला मांडीवर घेऊन बसली. तिचं ते न बोलणं मी कारण म्हणून पुष्कळ दिवस वापरलं, पण तिनं मला अडवलं नव्हतं. कागद घडी करून मी खिशात घातला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कागद दिवसभर माझ्या खिशात होता. साहेबांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, "शुद्ध करून लिहितो आहे, साहेब." हातातून ओढून घेता येणारी ती वस्तू नव्हती.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेलो. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. समोरच्या थाळीतलं वरण तसंच होतं. त्यात बोट बुडवून तो भिंतीवर काहीतरी ओढत होता. मी जवळ गेलो. चुन्याच्या भिंतीवर पिवळे डोळे होते. एक जोडी, तिच्याशेजारी दुसरी, खाली तिसरी, अशी हात पोचेल तिथवर भिंत भरली होती. रेघा थरथरलेल्या होत्या, तरी सगळे डोळे पाहत होते.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"मी, रविकांत."

"तुया घरच्या मूर्तीचे आधी काढतो बाबू," तो म्हणाला. "तुया बापानं लवकर सांगून ठेवली आहे." माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी खिशावर हात ठेवला. उद्या सकाळी, दहाच्या ठोक्याला, असं मी स्वतःला बजावलं.

सकाळी दहा वाजता मी ऑफिसात पोचलो तेव्हा साहेब दारातच उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही. मला कळलं.

म्हाताऱ्याला मूल नव्हतं. पुतण्यानं क्रियाकर्म केलं. घराला सुतक, त्यामुळे त्या वर्षी छपरातले गणपती कोणाच्या घरी गेले नाहीत. तेरावा झाल्यावर गोदाबाईनं ते मोर्णेत सोडले. मी पुलावरून जात होतो, तिनं मला पाहून हाक मारली.

"रविकांतभाऊ, एक हात लावा जी. मले एकटीले होत नाई."

मी चपला काढून खाली उतरलो. एकेक मूर्ती उचलून आम्ही गुडघाभर पाण्यात नेत होतो. सोंड होती, मुकुट होता, पितांबराला जरीचा काठ होता आणि डोळ्यांच्या जागी कोरी, पांढरी खोबण. आमची कोणती ते मी ओळखलं. तिच्या पाटाखाली पेन्सिलीनं माझ्या वडिलांचं नाव लिहिलेलं होतं. गोदाबाईला काही माहीत नव्हतं. जाताना ती म्हणाली, "तुमी होते मणून शेवटी कोणी वळखीचं तं जवळ होतं त्याईच्या." मी चपला हातात घेऊन पुलावर चढलो.

अब्दुल सत्तार शिक्षा भोगून सुटला आणि परत त्याच गाडीवर दिसला. मला पाहून ओशाळला. "काय करता साब, गाडी तं चालवाच लागते," म्हणाला. पोत्यांत काय आहे हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. बांधावर लेकरं निजत होती. खुशालरावांनी शाळेला आणखी दोन खोल्या बांधून दिल्या. म्होरक्या पकडला गेला आणि मेला, असं सरकारनं लिहून ठेवलं होतं, मग शोधायचं कोणाला?

कोठडीतला मृत्यू म्हणून चौकशी लागली. दिवाळीनंतर मला अमरावतीला बोलावलं. बडनेऱ्याला उतरून टांग्यानं गेलो. पाच ओळींचा तो कागद अजून खिशात होता, घड्यांवर फाटत आलेला. यावेळी तो टेबलावर ठेवायचाच, असं मी ठरवलं होतं. गाडीत बसल्यापासून मी मनात वाक्य घोटत होतो, 'साहेब, जबाबदार मी आहे.'

चौकशी अधिकारी मुंबईहून आले होते. शेजारी जबानी लिहिणारा लेखनिक होता, माझ्याच वयाचा, बोलण्यावरून आमच्याच भागातला. आधी नाव, गाव, हुद्दा झालं. मग अधिकाऱ्यांनी मान वर केली.

"मयताच्या मृत्यूला जबाबदार कोण?"

माझा हात खिशात गेला. कागद बोटांना लागला. अधिकाऱ्यांचे डोळे माझ्यावर होते आणि मला एकाएकी ती पिवळी भिंत दिसली.

"बाप्पा!" मी म्हणालो.

पुढे शब्द फुटेना. सत्तारचे थरथरले होते तसेच माझे ओठ थरथरत होते. अधिकारी वाट पाहत होते. लेखनिकानं टाक बुडवला आणि लिहायचा थांबला. त्याला कळलं होतं. तो वऱ्हाडी होता, त्याला न कळून कसं चालेल? तो माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "असंच लिहू का भाऊ?"

त्यानं मला वाट मोकळी करून दिली होती. मी नुसती मान हलवून 'नको' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी खिशातून हात काढून घेतला आणि म्हणालो, "लिहा."

त्यानं लिहिलं. मग कागद वाचायला माझ्यापुढे सरकवला. 'मृत्यूस जबाबदार कोण असे विचारता, बाप्पा असे म्हणून गप्प राहिला.' खाली सहीची जागा होती. मी सही केली.

महिन्याभरानं निकाल आला. मयत इसम नारायण ऊर्फ बाप्पा हा आपल्या मृत्यूस स्वतःच जबाबदार, साक्षीदारानेही तसेच सांगितले आहे, सबब प्रकरण बंद. त्यानंतरच्या एप्रिलात मला बढती मिळाली. काल विमलच्या हातून तांब्या निसटला आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला. मी म्हटलं, "म्हण." ती म्हणाली नाही.